ताटापर्यंत न पोचलेली भाजी

म्हैसूर शहरातून पश्चिमेस हुणसूरकडे आणि पुढे कोडगूच्या डोंगराळ मुलखाकडे जाणाऱ्या रस्त्यावर येलवाल नावाचे एक गाव आहे. या गावाचे नाव देशभर झाले ते 1957 साली. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात, 21 आणि 22 या तारखांना, तेथे ग्रामदानाविषयी परिषद भरली होती. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान पंडित नेहरू, जयप्रकाश नारायण, केरळचे त्या वेळचे मुख्यमंत्री नंबुद्रीपाद अशी एरवी एका बैठकीत क्वचितच दिसणारी माणसे त्या गावात एकत्र आली. आणि ज्यांच्या कार्याचा विचार करण्यासाठी ती आली होती ते विनोबा, कुलाबा जिल्ह्यातील गागोदे गावी जन्मलेले, केरळातून पायी चालत कर्नाटकात आले होते. ग्रामदानाची चळवळ आणि सरकारची सामुदायिक विकास योजना यांनी एकमेकींच्या सहकार्याने चालावे, असे त्या परिषदेने सुचविले.

चर्चा जमिनीची होती, भाजीपाल्याची नव्हती. तरीपण जमिनीचा प्रश्न सुटला म्हणजे पोटाचा प्रश्न आपोआप सुटतो असे नाही. जमिनीत काय पिकवावयाचे, आणि जे पिकेल त्यातील किती घरात राहावयाचे व किती रस्त्याने बाहेर जावयाचे, हा त्यापुढचा प्रश्न उभाच राहतो. येलवालचा रस्ता या दृष्टीने बोलका आहे. संत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोडगूचा माल म्हैसूरकडे येतो तो याच वाटेने. शहराच्या दुसऱ्या अंगास नंजनगूड आहे. तेथील रसबाळे जातीच्या केळ्याला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. भोवतालची भूमी अशी उदार. फळफळावळ आणि भाजीपाला पिकविण्यात आज भारताचा क्रमांक जगात चीनच्या खालोखाल दुसरा लागतो. मग त्याच भारतात स्त्रियांच्या आणि मुलांच्या रक्तात लोह कमी का, डोळ्यांच्या विकारासाठी बालकांना सहा सहा महिन्यांनी जीवनसत्त्वाची मात्रा का पाजावी लागते, हे कोडे आहे; आणि ते केवळ पिकाचे आकडे वाढवून उलगडणारे नाही. भाजी पिकते, परंतु ती ताटापर्यंत पोचत नाही.

विनोबांनी या प्रश्नाचे एक उत्तर येलवालला येण्याच्या सात वर्षे आधी, वर्ध्याजवळील पवनार येथे, स्वतःपुरते शोधून पाहिले होते. 1950 च्या प्रारंभी त्यांनी आपल्या आश्रमात कांचनमुक्तीचा, म्हणजे पैशाच्या व्यवहारातून बाहेर पडण्याचा, प्रयोग सुरू केला. आश्रमाला लागणारी भाजी बाजारातून आणावयाची नाही, आश्रमाच्या मातीतच पिकवावयाची, हा त्या प्रयोगाचा आरंभीचा भाग होता. बैलांवाचून, केवळ माणसाच्या हातांनी करावयाच्या या शेतीला त्यांनी ऋषिखेती असे नाव दिले. मराठी घरांतील वडीलधाऱ्या बायकांना या नावाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे अन्न वर्ज्य मानून परसात उगवलेल्या अळूची, माठाची, भोपळ्याची, पडवळाची, सुरणाची मिसळभाजी करण्याची रीत कोकणात आणि मुंबईकडे शेकडो घरांत आजही चालते. वर्षातला तो एक दिवस विनोबांनी वर्षभर पसरला, एवढेच म्हणावयाचे.

पवनारच्या प्रयोगापूर्वीचा एक प्रयोग तेथून अगदी जवळ, वर्ध्याच्या मगनवाडीत झाला होता, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला नाही. 1934 च्या अखेरीस अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाल्यावर गांधीजी मगनवाडीत राहू लागले. तेथे कच्च्या पाल्याचा आहारात समावेश करून पाहण्याचा त्यांचा क्रम चालू होता. आपल्याला रोज लागणाऱ्या थोड्याशा पाल्यासाठी वर्ध्याच्या बाजारावर अवलंबून राहावे लागते, ही गोष्ट त्यांना विपरीत वाटू लागली. एके दिवशी आश्रमातील एका सहकाऱ्याने आवारातल्या गवतात आपोआप उगवलेला एक पाला त्यांच्यापुढे आणून ठेवला. हिंदीत ज्याला लूनी म्हणतात तोच हा पाला. मराठी माणूस त्याला घोळ म्हणतो. तो त्यांना मानवला. पुढे चाकवत आला, तोही मानवला. 1935 साली 'हरिजन' साप्ताहिकात गांधीजींनी या पाल्यांविषयी लिहिले. ज्या वस्तू खेड्यात केवळ खुडून घेण्याच्या श्रमाने मिळतात त्या शहरातल्या चैनीच्या वस्तू समजल्या जाव्यात, याचे त्यांना आश्चर्य वाटले होते. मात्र असा रानचा पाला लोकांना सुचविण्यापूर्वी त्याची वनस्पतिशास्त्रीय ओळख नीट पटवून घ्यावी ही काळजीही त्यांनी घेतली. घोळ आणि चाकवत या दोन्ही भाज्या मराठी मुलुखाला काही नव्या नव्हत्या. नवी होती ती त्यांना मिळालेली प्रतिष्ठा.

प्रतिष्ठेचा हा मुद्दा वरवर वाटतो तितका किरकोळ नाही. खेड्यात घोळ ही गरिबाची भाजी, टाकळा हा पावसाळ्याच्या तोंडी धान्य सरत आले म्हणजे खावयाचा पाला, आणि अंबाडीची भाजी पाहुण्यापुढे ठेवण्याजोगी नव्हे, असा समज आहे. घरात चार पैसे आले की प्रथम सुटतो तो हा पाला, आणि त्याच्या जागी येतो बटाटा, त्यामागून बाजारातील पुड्यातला फरसाण. बटाटा वाईट आहे असे नाही. पण आहारशास्त्राच्या हिशेबात तो धान्याचा भाऊ ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला 400 ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे सांगितले, तेव्हा बटाटा, रताळे यांसारखे पिष्टमय कंद त्या हिशेबातून मुद्दाम वगळले. बटाट्याची भाजी आणि पोळी हे जेवण म्हणजे वस्तुतः धान्याबरोबर धान्य खाणेच होय.

पाल्याचे मोल विज्ञानाला पटले ते कोठे, असे विचारले तर उत्तराचा एक मोठा भाग मुंबईत सापडतो. लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर 1928 साली मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी एक विशिष्ट प्रकारचा पंडुरोग होत असे. रक्तातील तांबड्या पेशी संख्येने घटत, आकाराने मात्र फुगत, आणि कित्येक स्त्रिया त्यात दगावत. हा रोग जंतूमुळे असावा असा पहिला तर्क होता. परळच्या हाफकिन संस्थेत काम करीत असता विल्सबाईंनी या स्त्रियांच्या जेवणाची चौकशी केली. ज्यांच्या ताटात भाजीपाला, फळे आणि प्रथिने यांची ददात होती त्यांच्यातच हा रोग अधिक आढळला. उंदीर व माकडे यांच्यावरील प्रयोगांनंतर त्यांनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि रोगी स्त्रिया सुधारू लागल्या. 1931 साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या अर्कात गुण देणारा पदार्थ कोणता, हे तेव्हा कोणास ठाऊक नव्हते. दहा वर्षांनी, 1941 साली, अमेरिकेतील संशोधकांनी सुमारे चार टन पालक घोटून, गाळून त्यातून एक आम्ल मोठ्या कष्टाने वेगळे काढले, आणि पानासाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक आम्ल असे नाव दिले. मुंबईच्या गिरणगावातील स्त्रियांना जे हवे होते ते असे पालकाच्या पानातून हाती आले. आज गरोदर स्त्रीला लोहाबरोबर जी फोलिक आम्लाची गोळी दिली जाते तिच्यामागे ही एवढी हकिकत आहे. गर्भाच्या पहिल्या काही आठवड्यांत हे द्रव्य अपुरे पडले तर पाठीच्या कण्याची व मेंदूची घडण बिघडू शकते हेही पुढे सिद्ध झाले; आणि त्या आठवड्यांत पुष्कळदा खुद्द त्या स्त्रीलाही आपण गरोदर आहोत हे कळलेले नसते. म्हणून गोळी वेळेवर मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच आधीपासून ताटात पाला असणे महत्त्वाचे.

परळची ती गोष्ट जुनी झाली, रोग मात्र जुना झालेला नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के आणि पाच वर्षांखालील बालकांपैकी 68.9 टक्के रक्तक्षयाने ग्रस्त आढळली. नाशिकची द्राक्षे, जळगावची केळी, नागपूरची संत्री आणि सोलापूरची डाळिंबे ज्या राज्यातून देशभर व परदेशी जातात त्याच राज्याचे हे आकडे आहेत. रक्तक्षयाचे कारण केवळ भाजीचा अभाव हे नव्हे. जंत, हिवताप, लागोपाठची बाळंतपणे आणि काही वंशपरंपरागत व्याधी यांचाही त्यात वाटा असतो. तसेच पालेभाजीत लोह भरपूर असते ही समजूत अर्धीच खरी. लोह असते, पण ते शरीरात शोषले जाण्याचे प्रमाण अल्प असते. येथे आंबटाचे साहाय्य लागते. आवळा, पेरू, लिंबू यांतील क जीवनसत्त्व त्याच जेवणात पोटात गेले तर पाल्यातले आणि डाळीतले लोह अधिक प्रमाणात अंगी लागते. वरणभातावर लिंबाची फोड पिळण्याच्या रूढीला, ती पाडणाऱ्यांना माहीत नसलेले, असे एक भक्कम कारण आहे. याच्या उलट जेवण संपताच घेतलेला चहा हे शोषण रोखतो. कष्टकरी घरांत भाकरी आणि चहा ही जोडी आता दृढ झाली आहे. तिचा त्रास घरातील बाईला सर्वांत अधिक होतो.

डोळ्यांची गोष्ट तशीच. अ जीवनसत्त्व कमी पडले की संध्याकाळी मूल अडखळू लागते. आजी त्याला रातांधळे म्हणते. उपेक्षा झाली तर बुबुळ मऊ पडते आणि दृष्टी कायमची जाते. त्यासाठी 1970 पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली लहान मुलांना या जीवनसत्त्वाची मात्रा पाजली जाते आणि पूर्वीचे भीषण स्वरूप त्यामुळे पुष्कळ निवळले, हे मान्य केले पाहिजे. परंतु शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई, आंबा, तांबडा भोपळा यांतील पिवळ्या-केशरी द्रव्यापासून शरीर हेच जीवनसत्त्व स्वतः तयार करते. हे रूपांतर पूर्वी समजत असत त्यापेक्षा कमी प्रमाणात होते, असे अलीकडील संशोधनाने दाखविले आहे. म्हणून चिमूटभर पाल्याने काम भागत नाही. शिवाय हे द्रव्य स्निग्धात विरघळणारे असल्याने त्याबरोबर थोडे तेलही पाहिजे. शेवग्याच्या पाल्याला दिलेली लसणीची फोडणी येथे उपकारक ठरते.

मग किती खावे? हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या आहारात 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळे असावीत. भाज्यांपैकी सुमारे 100 ग्रॅम पालेभाजी असावी. ही संस्था मूळची कुन्नूरची. 1918 साली मॅकॅरिसन या डॉक्टरांच्या लहानशा प्रयोगशाळेतून ती वाढली आणि 1958 साली हैदराबादेस गेली. निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे जेवण उंदरांना घालून पाहण्याचा मॅकॅरिसन यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे. कणकेची पोळी, दूध, डाळ, कच्च्या भाज्या आणि फळे असे पंजाबकडील जेवण मिळालेले उंदीर धष्टपुष्ट झाले. भाताभोवती फिरणारे दक्षिणेकडील निकृष्ट जेवण मिळालेले उंदीर खुरटे राहिले. म्हैसूरच्या आसपासच्या माणसाला हा निष्कर्ष फारसा रुचला नसेल. तथापि दोष भाताचा नसून भाताशेजारच्या रिकाम्या जागेचा आहे, असा त्याचा अर्थ घेणे अधिक न्याय्य.

पाचशे ग्रॅम हा आकडा कागदावर सोपा दिसतो. पाच मोठ्या माणसांच्या कुटुंबाला त्याप्रमाणे रोज दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळे लागतील. महिन्याला साठ किलो भाजी आणि पंधरा किलो फळे. मजुरीवर जगणाऱ्या कुटुंबाने ही खरेदी बाजारभावाने करावी, असा उपदेश करणे म्हणजे त्यांची थट्टा होय. पाश्चात्त्य देशांत 'दिवसाला पाच वेळा फळे-भाज्या' अशी घोषणा लोकप्रिय झाली. अमेरिकेत 1991 पासून तिचा देशव्यापी प्रचार झाला. तेथे सफरचंद मोजता येते. आपल्याकडे भाजी मोजली जाते ती डावाने, आणि पातेल्यात चढविलेली मेथीची जुडी उतरताना मूठभर होते. शंभर ग्रॅम कच्चा पाला शिजल्यावर दोन-तीन चमचे उरतो. हे मोठे अवघड अन्न आहे असे नाही. पण पातेले लहान आणि माणसे पाच असली तर तेवढा पाला कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न पुढे उभा राहतो.

आणि त्याचे उत्तर बहुतेक घरांत ठरलेले असते. घरातील पुरुष प्रथम जेवतात, मग मुले, आणि स्वयंपाक करणारी बाई सर्वांत शेवटी. तिच्या ताटात भाकरी असते, कोरड्यास म्हणून आमटीचे पाणी किंवा चटणी असते. भाजीच्या भांड्याला तळ दिसू लागलेला असतो. नवऱ्याला आवडत नाही म्हणून पडवळ आणावयाचे नाही, मुलगा कारले खात नाही म्हणून तेही नाही, अशा रीतीने तिच्या स्वतःच्या आवडीचा कधी विचारच होत नाही. आहारावरील सरकारी पत्रकांत मात्र 'कुटुंबाने अमुक खावे' असे लिहिलेले आढळते, जणू कुटुंब एकाच तोंडाने जेवते. रक्तक्षयाच्या त्या 54.2 टक्क्यांमागे दारिद्र्याइतकाच जेवणाच्या पंक्तीचा क्रमही आहे. सगळ्यांनी एका वेळी बसून भाजी आधी वाटून घ्यावी, या साध्या गोष्टीसाठी पैसा लागत नाही. तरी ती घडवून आणणे पैसा उभा करण्याहून कठीण आहे.

शासनाने या क्षेत्रात काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. महाराष्ट्रात 1990 साली रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवडीची सांगड घालण्यात आली. शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीत फळझाडे लावण्याची मजुरी सरकारने द्यावी, ही कल्पना अभिनव होती. आंबा, काजू, डाळिंब, सीताफळ, चिकू, बोर यांच्या बागा तिच्यामुळे कोरडवाहू मुलखातही उभ्या राहिल्या. तिच्यातून उत्पन्न वाढले ही गोष्ट मोठीच. पण बागेतील चांगले फळ पेटीत जाते आणि डागी फळ घरात राहते, हे बागाइतदाराच्या घरी जाणाऱ्या कोणालाही दिसते. उत्पन्नाची योजना ही आपोआप आहाराची योजना होत नाही. दोहोंचे हिशेब निराळे ठेवावे लागतात.

पिकलेल्या मालाचा काही भाग वाटेतच जातो. फळे आणि भाज्या मिळून तीस-चाळीस टक्के माल आपल्या देशात नासतो, असे वाक्य भाषणांतून पुन्हा पुन्हा ऐकू येते. भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या लुधियाना येथील संस्थेने देशभर मोजणी करून 2015 साली जो अहवाल दिला त्यात ही घट पिकानुसार 4.58 टक्क्यांपासून 15.88 टक्क्यांपर्यंत निघाली. सर्वांत अधिक घट पेरूची होती. म्हणजे बोलण्यातला आकडा फुगलेला होता. पण क जीवनसत्त्वाने इतका संपन्न, आणि गरिबाला परवडणारा पेरूच नेमका सर्वाधिक नासावा, हे मात्र चिंता करण्याजोगे आहे.

या नासाडीवर उपाय शोधण्याचे काम येलवालच्या शेजारीच, म्हैसुरात चालते. राजघराण्याच्या चेलुवांबा प्रासादात 21 ऑक्टोबर 1950 रोजी केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्था सुरू झाली. फळावर मेणाचा पातळ लेप देऊन त्याचा ताजेपणा लांबविणे, भाज्या वाळविणे, रस टिकविणे अशा पुष्कळ पद्धती तेथे सिद्ध झाल्या. शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ आणि हरभऱ्याचे पीठ यांच्या मिश्रणात जीवनसत्त्वे घालून केलेले बहुगुणी अन्नही तेथलेच. एवढे असूनही एक मर्यादा राहतेच. टिकविलेले फळ दूरच्या ग्राहकासाठी असते. जो शेतमजूर फळ तोडतो त्याच्या मुलाला टिकविलेल्या फळाची गरज नाही. त्याला ताजे फळ हवे, आणि ते त्याच्यापासून चार हातांवर असते.

म्हणून विचार पुन्हा परसाकडे वळतो. परसबाग हा शब्द आता सरकारी परिपत्रकांतही आला आहे. शाळांच्या आवारात पोषणबागा कराव्यात अशा केंद्र सरकारच्या सूचना 2019 साली निघाल्या. परसाची योजना करताना प्रथम पाण्याचा विचार करावा, बियाण्याचा नंतर. मोरीचे पाणी जेथे जाते तेथे अळू किंवा केळ. विहिरीच्या कट्ट्याजवळ पपई, जी वर्षभरात फळ देते. कुंपणावर वालपापडी आणि घेवडा. छपरावर भोपळा व दुधी. दारापुढे शेवगा आणि कढीलिंब. शेवग्याच्या शेंगा विकल्या तरी पाला घरात राहतो. त्याला गिऱ्हाईक नसणे हे येथे भाग्यच म्हणावयाचे. ज्यांना अंगणही नाही, अशा शहरातील कुटुंबांना हा सल्ला उपयोगी नाही, हे खरे. मुंबईत रेल्वेच्या रुळांकडेला गटाराच्या पाण्यावर पोसलेला पालक पुष्कळ काळ विकला गेला. त्याचा हिरवा रंग पाहून कोणी फसू नये. भाजी कोठून आली हे विचारण्याचा, आणि ती आणल्यावर चिरण्यापूर्वी वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुण्याचा परिपाठ शहरात अवश्य हवा. चिरून मग धुतली तर माती जाते, पण जीवनसत्त्वेही तिच्याबरोबर जातात.

रानातल्या भाज्यांकडेही पुन्हा लक्ष जाऊ लागले आहे. महाराष्ट्राच्या कृषी खात्याने अलीकडच्या वर्षांत, ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास, ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरविण्याचा उपक्रम चालविला आहे. टाकळा, कुर्डू, भारंगी, कर्टोली, शेवळे यांची ओळख शहरातील माणसांना तेथे होते. ही ओळख वरवरची असून चालत नाही. शेवळ्याची भाजी काकडाच्या आंबट फळांवाचून केली तर घसा खवखवून निघतो. अळूला चिंच लागते ती याच कारणाने. रानातला प्रत्येक पाला खाण्याजोगा नसतो आणि सारखी दिसणारी दोन पाने सारखी नसतात. ठाणे-पालघरकडील वारली व कातकरी स्त्रियांना हे शास्त्र मुखोद्गत आहे. महोत्सवात त्यांच्याकडून भाजी विकत घेताना ती कशी करावयाची हेही विचारून घ्यावे, आणि त्या सांगण्याचेही मोल द्यावे.

मुलांच्या बाबतीत सर्वांत सोपी जागा शाळा ही आहे. शाळेतील माध्यान्ह भोजनाच्या नियमानुसार प्राथमिक वर्गातील मुलाला रोज 50 ग्रॅम आणि उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला 75 ग्रॅम भाजी मिळावयाची असते. शंभर मुलांच्या प्राथमिक शाळेला याचा अर्थ रोज पाच किलो भाजी असा होतो. स्वयंपाक करणारी बाई ती आठवड्याच्या बाजारातून एकदाच आणते, आणि बुधवारपासून आमटीत बटाटा व कांदा दिसू लागतो. शाळेच्या आवारात शेवग्याची चार झाडे, अळूचा एक वाफा आणि कुंपणावर घेवडा असला तरी पाच किलोंचा सगळा भार उचलला जात नाही. बुधवार ते शनिवारचा पाला मात्र निश्चित निघतो. मुलांनी स्वतः पाणी घातलेली भाजी मुले अधिक आवडीने खातात, हा अनुभव अनेक शिक्षक सांगतात.

अशा बागा उन्हाळ्याच्या सुट्टीत मरतात. मे महिन्यात शाळा बंद, शिक्षक गावी गेलेले, आणि विहिरीचे पाणी तळाला. त्या दीड महिन्यात पाणी कोणी घालावयाचे, हे एप्रिलमध्येच ठरवून शाळा समितीच्या वहीत शेजारच्या एखाद्या घराचे नाव लिहून ठेवावे लागते, आणि त्या घराला त्या काळातील भाजी नेण्याची मोकळीकही द्यावी लागते. जेथे ही नोंद होते तेथे जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा शेवग्याला पाला असतो.